फोडशीच्या शेजारचा कोलकांदा

मी एक जुना कोलकांदा आहे. नावात कांदा असला तरी मला कोणी भाकरीबरोबर खात नाही, आणि कोणी खाल्लंच तर त्याला पुढची भाकरी मिळेल याची खात्री नाही. पनवेलहून उलव्याकडे जाताना एक अर्धी कापलेली टेकडी लागते, तिच्या उतारावर मी राहतो. पावसाळ्यात माझी पानं वर असतात, मग ती सुकतात आणि मी जमिनीखाली पडून राहतो. माझ्याबद्दल चांगलं बोलणारं आता कोणी उरलेलं नाही, म्हणून स्वतःची कहाणी स्वतःच सांगतो आहे. गोड लागणार नाही, मित्रांनो. माझ्यात गोड काही नाहीच.

एका काळ्या, चपट्या, कागदासारख्या हलक्या बीमधून मी जन्मलो. वाऱ्याने मला एका कातळाच्या वरच्या अंगाला आणून टाकलं. पहिली काही वर्षं मी लसणीच्या पाकळीएवढा होतो, मग हळूहळू मुठीएवढा झालो. कातळाच्या खालच्या अंगाला फोडशीची वस्ती होती. फोडशी तुम्ही खाल्ली असेल. चण्याची डाळ घालून करतात ती पावसाळ्यातली हिरवी भाजी. तिचीही पानं माझ्यासारखीच लांब, हिरवी आणि जमिनीतून थेट वर येणारी. कोवळेपणी आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो तर भलेभले फसतात. जमिनीखाली मात्र तिला बोटांसारख्या मुळ्यांचा झुपका असतो आणि मला कांदा. तिची वाट लोक वर्षभर बघायचे. माझी वाट कोणीच बघत नसे. याचा मला राग यायचा, आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

एका बाईच्या लेखी मात्र मला किंमत होती. तिचं नाव चंद्रावती. खालच्या गावात तिचं घर, आणि हा उतार तिच्याच घरच्या मालकीचा. तिचा नवरा कमळाकर तेव्हा मिठागरावर कामाला जायचा. खारट पाण्यात आणि कडक उन्हात उभं राहून त्याच्या तळपायांना भोवऱ्या, म्हणजे कुरुपं, झाल्या होत्या, पाऊल टेकवत नव्हतं. चंद्रावतीने माझ्या भावंडांतला एक कांदा उपटला, निखाऱ्यात भाजला आणि फडक्यात घालून रोज त्याच्या पायाला बांधला. भोवऱ्या मऊ पडल्या. कमळाकर पुन्हा नीट चालायला लागला.

"पोटात गेला तर मारील, पायाला बांधला तर तारील," ती गावातल्या बायकांना सांगायची. माझी एवढी स्तुती त्याआधी कोणी केली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

बायका तिला भाजी दाखवायला आणत. ही फोडशीच ना, बघ जरा, म्हणून विचारत. चंद्रावती एक पान बुंध्याशी तोडायची, दाताखाली धरायची. फोडशी असली तर मान हलवायची, मी असलो तर थुंकून चूळ भरायची. स्वतः भाजी काढतानाही तिची हीच रीत होती. मुळासकट ती कधीच उपटत नसे. "पुढच्या साली काय खायचं मग?" असं म्हणायची आणि विळ्याने वरच्यावर कापून घ्यायची. शिवाय जागा तिला पाठ होती. कातळाच्या वर कोलकांदा, खाली फोडशी. डोळे मिटूनही तिचा हात चुकला नसता.

मग टेकडीला किंमत आली. आजूबाजूची शेतं गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. चंद्रावतीच्या मुलाने, निकेशने, डंपर आणि जेसीबी घेतले. गाड्या उभ्या करायला जागा हवी, म्हणून एका उन्हाळ्यात त्याने आमच्या उताराचा वरचा भाग सपाट केला. जेसीबीच्या दातांनी कातळ उखडला. मी आणि माझी भावंडं मातीबरोबर घरंगळलो आणि थेट फोडशीच्या वस्तीत येऊन पडलो. अंगावर पुन्हा माती आली. आम्ही चिवट, मेलो नाही. पाऊस पडला तसे आम्ही फोडशीच्या मधूनमधून उगवलो. निकेशने हे पाहिलं नाही. त्याला ते आजही माहीत नाही.

तो सोमवार होता. कमळाकरची तब्येत तेव्हा नरमगरम असायची आणि त्याला बरं वाटावं म्हणून चंद्रावतीने सोमवार धरले होते. कडक उपवास, संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. सकाळी ती सून दिपिकाला बरोबर घेऊन उतारावर आली. कातळ गेलेला पाहून क्षणभर थांबली, पण खालची जागा तर तीच होती.

दिपिकाने विचारलं, "आई, चावून नाय बघत आज?"

"उपास हाय ना माजा. तोंडात कसा घालू?" चंद्रावती म्हणाली. "आनि ही माजीच जागा हाय. इथं दुसरा काय उगवत नाय."

तिने विळा चालवला. पहिल्या मुठीत फोडशी आली. दुसऱ्या मुठीत फोडशीबरोबर माझी पानं आली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. मला फक्त चव आहे, आणि नेमकी त्याच दिवशी ती घेणारं कोणी नव्हतं.

पुढचं मला दिपिकाच्या तोंडून कळलं. ती नंतर वाटेवर उभी राहून शेजारणीला सांगत होती. भाजीचा नैवेद्य दाखवायचा होता, म्हणून चंद्रावतीने शिजवतानाही चाखली नाही. संध्याकाळी कमळाकरला आधी वाढलं. निकेश कामावर होता आणि दिपिकाला ती भाजी आवडत नाही.

"जराशी कडू लागते गो," कमळाकर म्हणाला.

"रानची हाय, लागायचीच. खा तुमी."

आपल्यासाठी दिवसभर उपाशी राहिलेल्या बायकोने केलेली भाजी त्याने पानात टाकली नाही. सगळी संपवली आणि वर पुन्हा मागून घेतली. चंद्रावती जेवायला बसते न बसते तोच त्याला उलट्या सुरू झाल्या. नाडी मंदावली. दिपिकाने उरलेले देठ पिशवीत भरले आणि त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्या देठांमुळे डॉक्टरांना अंदाज आला. कमळाकर वाचला.

वाचला, पण त्या घरातलं काहीतरी गेलं. कमळाकर तिला एका शब्दाने बोलला नाही. फक्त पानात हिरवं काही दिसलं की तो हात आखडता घ्यायचा. "कोबी कर आता," एवढंच म्हणायचा. तिच्याकडे भाजी दाखवायला येणाऱ्या बायका वाट बदलून जाऊ लागल्या.

पावसाने उघडीप दिली तेव्हा निकेश पाठीवर तणनाशकाचा पंप घेऊन आला. मागून चंद्रावती धापा टाकत आली.

"सगला नको मारू रे. फोडशी कुठली नि कोलकांदा कुठला, मी दाखवते तुला."

निकेशने वळूनही पाहिलं नाही. "त्या दिवशी कळला व्हता काय तुला, आये?"

ती तिथेच खाली बसली. त्याने सगळा उतार फवारला. मला आजवर कधी माणसाची लाज वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. चूक त्याच्या यंत्राची होती आणि शिक्षा तिला झाली. फोडशी पिवळी पडून मेली. माझी पानं जाड, गुळगुळीत. औषध त्यांच्यावरून बरंचसं ओघळून गेलं, आणि जे आत गेलं ते मला पुरलं नाही.

यंदा उतारावर फक्त मी आणि माझी भावंडंच उगवलो आहोत. हिरवीगार, कोवळी पानं, अगदी फोडशीसारखी.

आज सकाळी समोरच्या नव्या इमारतीतली ऋचा नावाची बाई कापडी पिशवी घेऊन आली. मोबाईलवरचा फोटो माझ्यासमोर धरून बघत होती आणि खूश होऊन खुडत होती. चंद्रावती वाटेने चालली होती. तिने पाहिलं.

"ती फोडशी नाय, बाई. कोलकांदा हाय तो."

"पण काकू, फोटोत तर सेम आहे," ऋचा म्हणाली. "तुम्हाला नक्की माहीत आहे?"

मी वाट पाहिली. पूर्वीची चंद्रावती असती तर तिने त्या पिशवीतलं एक पान चावून तिच्यासमोर थुंकलं असतं. आताच्या चंद्रावतीने नजर वळवली. "विचारा कोनाला तरी," असं पुटपुटत ती खाली मान घालून निघून गेली. ऋचाने पिशवी भरली.

मित्रांनो, मला पाणी घालू नका, माझं जतन करू नका, मला काही नको. पण जिला कळतं, ती एकदा चुकली म्हणून तिचं बोलणं बंद पाडू नका. आणि ऋचाचं घर तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर इथे माझं ऐकत बसू नका. भाजी अजून चिरायची असेल. धावत जा.