मसणवट्यातली माती

सोयगावच्या डोंगरावर बिरूच्या मेंढ्या चरायच्या, त्या उतारावर एकच म्हातारं अंजनाचं झाड उरलेलं. दरसाल शेंगा खाली पडायच्या, पण एक रोपटं वर येईना. येणार कसं? राजेंद्र टेंपोवाल्यानं पाल्यापाचोळ्याची काळी माती खरडून खरडून शहरात विकलेली. खाली नुसता मुरूम. सोललेल्या बोकडागत उतार.

"हे झाड मेलं की डोंगर बोडका," बायको मंजुळाबाई म्हणाली. "भांडा की त्याच्याशी!"

"भांडून काय व्हतंय? जातो त्याच्याच टेंपोत, माती जाती कुठं ते बघतो. फुकट."

पोती उचलायला राजेंद्रला माणूस पाहिजेच होता. शहरात उस्मानपुऱ्यात एका बिल्डिंगीखाली टेंपो लागला. लिफ्ट घाण होते म्हणून वॉचमननं बिरूला जिन्यानं पिटाळलं.

गच्चीवर कुंड्याच कुंड्या. श्रेया नावाची बाई गुलाबाच्या कुंडीतून चिमटीनं काहीतरी उपटून बादलीत टाकत होती.

"शी! मामा, मागच्या वेळच्या तुमच्या मातीत हे काय काय उगवतं हो!"

बिरूनं बादलीत डोकावलं. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, अन् त्यात शेळीच्या खुरागत जोडपानं. अंजन! डोंगरावर एक रोप नाय, अन् इथं चोथ्यात पडलेलं. बाकी कुंड्यांतही तेच डोकं वर काढत होतं.

शिवी ओठावर आली होती. ती गिळून त्यानं उपरणं नाकाला लावलं.

"ताई, वास नाय येत तुम्हाला?"

"कसला?"

"जाऊ द्या. राजेंद्रशेठ रागावंल."

"सांगा ना मामा!"

"जंगलची माती कवाच सरली. ही मसणवट्यातली हाय. जाळून जे उरतं ना, त्याच्यावर गुलाब लई फुलतो."

श्रेयाची किंकाळी जिन्यातून पार तळमजल्यापर्यंत गेली. सगळ्या मजल्यांवरच्या बाया नाकाला ओढण्या लावून जमल्या.

"तुमी हात लावू नका, ताई. आमच्या हाताला सवय हाय," म्हणत बिरूनं एकेक अंजन ढेकळासकट अलगद काढलं अन् कुंड्या पोत्यांत रित्या केल्या.

खाली राजेंद्र घसा फाडत होता. "अहो, डोंगरावरचीच हाय! आईची शपथ!"

"कुठला डोंगर? चल, दाखव," आशाबाई नावाची म्हातारी म्हणाली. "माझा भाचा फॉरेस्टात आहे. त्यालाच घेऊन येते."

राजेंद्रनं घाईघाईनं पोती टेंपोत चढवायला घेतली.

"शेठ, रस्त्यात ओतली तर पंचाईत व्हईल," बिरू टेंपोत चढत बोलला. "जिथनं उचलली तिथंच टाकू. कोण इचारतंय मग?"

उतारावर मंजुळाबाई माती पसरायला लागली. प्लास्टिकचं झाकण निघालं, केसांचा गुंता निघाला, मग कुणाची तरी कापलेली नखं.

"ई! काय हो हे?"

"शहर," बिरू म्हणाला अन् पचकन थुंकला. हात धोतराला पुसले, नाक मुरडलं, अन् तेच हात परत मातीत घालून पयलं अंजन बसवलं.

मेंढ्या त्या दिवसापासून पलीकडच्या उतारावर.