कुंपणाच्या दोन रांगा

आमच्या स्कॉटलंडच्या डोंगरावर बर्फ वरून कमी पडतो, आडवाच जास्त उडत जातो. वाऱ्याच्या वाटेत लाकडी पट्ट्यांचं कुंपण घातलं की आडोशाला थोडा साचतो. त्यावर आम्ही स्की करतो आणि त्यातच सुख मानतो.

मी इश्बेल, कार्नब्रॅक स्की क्लबची चिटणीस. माणसांना वर ओढून नेणारा एक दोर आणि एक पत्र्याची खोली, एवढाच आमचा क्लब. कामं सगळी सभासदच करतात, तीही फुकट. सरकारी मदत चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पेटिग्रूबाई येणार होत्या. मदत गेली की क्लबला कुलूप. आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस! उरला बर्फाचा एकच पट्टा, जेमतेम गल्लीएवढा रुंद, दोन्ही बाजूंना तपकिरी झुडपं.

मी सगळ्यांना निरोप धाडला, की शनिवारी कुणी फिरकू नका, मी जुने फोटो दाखवून वेळ मारून नेते. पण पट्टाभर बर्फ आहे म्हटल्यावर आमची माणसं घरात बसतील तर शपथ. चाळीस जण हजर. पट्ट्यावरून एका वेळी एकच जण उतरू शकतो, म्हणून बाकीचे रांगेत सूप पीत उभे, अगदी मजेत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढ्याशा बर्फावर?" बाईंनी विचारलं.

"एवढासा कुठे? गेल्या वर्षी याहून कमी होता," हेक्टरमामा म्हणाला. माझा सख्खा मामा, वय पंचाहत्तर, कुंपणाचा सगळा कारभार त्याच्याकडे.

"मामा, तू जरा गप्प बस ना."

"का? बाईंना डोळे आहेत. तू काय झाकणार, डोंगर?"

बाई हसल्या आणि त्यांनी फॉर्म काढला. "पण वीस वर्षांनी काय? बर्फ तर कमीच होत जाणार."

मी पाठ केलेलं उत्तर साफ विसरले. मामानं खाली बोट दाखवलं. "ते रस्त्यालगतचे कुजके खांब दिसतात? ते माझ्या वडिलांचं कुंपण. तिथं बर्फ टिकेना, म्हणून मी ते वर मेंढवाड्यापाशी आणलं. तिथंही टिकेना, म्हणून इथं."

"आणि याच्या वर?"

"दोन रांगांची जागा आहे."

"त्यानंतर?"

"त्यानंतर डोंगर संपतो, बाई."

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात कुणीतरी घसरून झुडपात पडलं आणि रांगेनं टाळ्या वाजवल्या. बाई त्या रांगेकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग 'पुढील नियोजन' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'कुंपणाच्या दोन रांगा', आणि खाली, 'मदत चालू ठेवावी.'

त्यांची गाडी गेल्यावर मी मामाला मिठीच मारली.

"पुरे," तो म्हणाला. "उन्हाळ्यात खांब तू वर न्यायचेस. माझे गुडघे गेलेत."

"दोन्ही रांगा लावून टाकते."

"एकच लाव. तुझ्या जन्माला पुरेल. दुसरीची जागा पुढच्यांना ठेव."