ओमेशचा नवा प्रोसेसर

कुडव्याचा ओमेश स्वतःला कॉम्प्युटरमधला उस्ताद समजायचा. गेम अडकायला लागला तेव्हा त्यानं सगळं खापर जुन्या प्रोसेसरवर फोडलं आणि नवा निवडायला महिनाभर व्हिडिओ पाहिले. लग्नासाठी मुलगी पाहतानाही या पठ्ठ्यानं इतकी चौकशी केली नव्हती.

"काऊन जी, जुन्याले काय झालं?" बायकोनं, मंजूनं, विचारलं.

"म्हातारा झाला तो. तुले नाही समजत."

नवा प्रोसेसर आला. ओमेशनं ऐटीत कॅबिनेट उघडलं आणि त्याचं तोंड पडलं. आतल्या पंख्यात कुंकू लावलेले तांदूळ अडकले होते. दसऱ्याला त्यानंच कॉम्प्युटरची पूजा केली होती, वरच्या जाळीवर मूठभर अक्षता वाहून! पंखा फिरेना, म्हणून बिचारा प्रोसेसर तापून धापा टाकत होता. एवढे व्हिडिओ पाहिले, पण झाकण काढून आत डोकावायचं काही या गाढवाला सुचलं नव्हतं.

त्यानं गुपचूप दाणे वेचले, नव्याचा खोका न उघडताच खुर्चीखाली सरकवला. गेम वाऱ्यासारखा पळाला.

"बापा! नवा कसा पळून राहिला!" मंजू खूश झाली.

"निवडला कोणं?" ओमेशनं कॉलर ताठ केली.

मंजू आत गेली आणि पूजेचं ताट घेऊन आली. तिनं मूठभर अक्षता उचलल्या मात्र, उस्ताद कॅबिनेटवर आडवा पडला.