घरातलाच माणूस

पासष्ट साली अकोल्यात आम्हा डॉक्टरांची एक सभा झाली. मुंबईहून आलेले पाहुणे म्हणाले, जनरल प्रॅक्टिस म्हणजे काही उरलंसुरलं काम नव्हे. हृदयाचा तज्ज्ञ असतो, डोळ्यांचा असतो, तसा कुटुंबाचाही असतो. परदेशात त्याचं वेगळं शिक्षण सुरू झालंय, आपल्याकडेही होईल. इथवर मला पटलं. मोठ्या डिग्रीवाल्यांनी आम्हाला वीस वर्षं हिणवलं होतं, तेव्हा बरंच वाटलं. मग ते म्हणाले, "चांगला फॅमिली डॉक्टर त्या घरातलाच माणूस होऊन जातो." टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे हात मांडीवरच राहिले. शेजारच्याला वाटलं, मी आखडलोय.

आखडलो नव्हतो. मला चतुराबाई आठवली होती.

माझा दवाखाना जठारपेठेत. चतुराबाईचे यजमान किसनराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, घर दोन गल्ल्या सोडून. अठ्ठेचाळीस साली त्यांच्या मैनाला घटसर्प झाला. पोरगी सात वर्षांची, घसा बंद होत आलेला. इंजेक्शन अकोल्यात मिळेना, ते मी स्वतः जाऊन अमरावतीहून आणलं. पोर वाचली. चतुराबाईला सख्खा भाऊ नव्हता. त्या भाऊबीजेला तिनं मला पाटावर बसवून ओवाळलं, आणि तेव्हापासून मी त्या घरचा भाऊ झालो.

मला त्याचा भारी अभिमान. दार न वाजवता थेट चुलीपर्यंत जायचो. किसनराव कुणाशी भांडले, भाकर कुणाला जड जाते, सगळं ठाऊक. तज्ज्ञाला रोग्याचं नाव माहीत नसतं आणि मला रोग्याच्या सासूचा स्वभावही माहीत असतो, असं मी मित्रांत ऐटीत सांगत असे.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात ती दवाखान्यात आली. म्हणाली, "भाऊ, खांदा दुखते जरासा."

कुठं म्हणून विचारलं, तर पदर घट्ट ओढून वरूनच बोट दाखवलं. मी चोळायला तेल दिलं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दुसरी कुणी बाई असती तर पडद्याआड नेऊन तपासलं असतं. पडदा होता, नर्सही होती. पण चतुराबाई पदराशी चाचपडायला लागली, तशी मीच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान फिरवली. बहिणीची लाज राखली म्हणून वर समाधानही वाटलं. गाढव होतो, दुसरं काय.

मैना अमरावतीजवळ तिवशाला दिली होती. पुढल्या वर्षी तिचं बाळंतपण अमरावतीच्या दवाखान्यात झालं आणि चतुराबाई सोबतीला गेली. तिथल्या लेडी डॉक्टर सरोजिनीबाई. त्यांनी ह्या आजीला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की ही नातवाला घेताना डावा हात उचलतच नाही. त्यांनी तिला पडद्याआड नेलं. चार दिवसांनी मला चिठ्ठी आली: "डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ आहे, काखेतही पसरली आहे. दीड वर्षापासून असल्याचं सांगतात. आपल्याच उपचाराखाली आहेत असं कळलं."

त्या "आपल्याच" मध्ये टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

नागपूरला ऑपरेशन झालं, पण फार उशीर झाला होता. ती घरी परतल्यावर मी तिच्यावर ओरडलोच. "मला का नाही सांगितलंस?"

तिला माझंच नवल वाटलं. "कसं सांगू भाऊ? भावाले कोणी छाती दाखवते काय? तुमी नुसते डाक्टर असते तं दाखवली असती."

ती रागानं बोलली नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. दहा वर्षं मी त्या घरात जात-येत होतो, आणि तिला डॉक्टर म्हणून कुणी नव्हतंच.

वर्षभरात दुखणं उलटलं. जखम फुटली. रोज धुऊन पट्टी बदलावी लागे. ठेवलेली नर्स वासानं टिकली नाही. मैना माहेरी आली होती, पण जखम उघडली की ती तोंडाला पदर लावून बाहेर येई. मी म्हणालो, मी करतो. चतुराबाईनं तोंड भिंतीकडे केलं.

"नको भाऊ."

दुसऱ्या दिवशीही नकोच. जखम किती चिघळलीय ते मला बाहेरच्या खोलीत बसूनसुद्धा कळत होतं. तिला वाचवणं आता माझ्या हातात नव्हतं. तिचे शेवटचे दिवस स्वच्छ जावेत, वेदना थोडी कमी व्हावी, एवढंच उरलं होतं. आणि तेवढंही मला करता येईना.

तिसऱ्या दिवशी मी बाहेर बाजेवर बसून होतो. आतून तिचा आवाज आला, खोल गेलेला, पण स्पष्ट.

"मैना, भाऊले आता घरी जाऊ दे."

मी उठलो. चपला पायात सरकवल्या.

"अन् डाक्टरसायबाले आत पाठव."

मी चपला काढल्या, हात धुतले आणि आत गेलो.