तेतरीचं मत आणि माझं पोट

मी एक जुनी मतपेटी आहे, मित्रांनो, आणि जन्माची भित्री आहे. लोखंडाला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या पोटात दुसऱ्याची ठेव असते ना, त्याच्या जिवाला स्वस्थता नसते. सध्या मी उत्तरेकडच्या गंडक नदीकाठच्या एका सरकारी कोठीत, मोडक्या खुर्च्यांखाली पडून आहे. दाराची कडी वाजली तरी माझं झाकण थरथरतं. उंदीर अंगावरून पळतात, त्यांनाही मी घाबरते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, ठोकला, वाकवला, वर हिरवा रंग दिला. डोक्यावर एक बारीक फट ठेवली, तेच माझं तोंड. झाकण बसवणारा कारागीर मला म्हणाला, "हे बघ बये, आत येईल ते गिळायचं आणि मोजणी होईपर्यंत ओकायचं नाही." शाळा म्हणाल तर माझी एवढीच.

मग मला बैलगाडीत घालून बेलहरडीह मतदारसंघात आणलं. पहिलीच निवडणूक होती. लिहिता-वाचता येणारी माणसं थोडी, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. माझ्यावर होडीचं चित्र होतं. पडद्याआड बायका यायच्या, मला बघायच्या आणि चक्क हात जोडायच्या! कुणी फूल वाहिलं, कुणी शेंदूर लावला. भूमिहीन मजुरांच्या मुसहर वस्तीतल्या एका म्हातारीने फटीतून तांदूळ सोडले आणि नवस बोलली, "देवा, माझ्या लेकाला चांगली बायको मिळू दे." मतपत्रिका मात्र पदराला बांधून ती तशीच घरी गेली. मोजणीच्या वेळी माझ्या पोटातून मतांपेक्षा तांदूळच जास्त निघाले. होडीवाला पडला. मला वाईट वाटलं खरं, पण एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

म्हातारीचा नवस मात्र फळला. तिच्या घरात सून आली, तिचं नाव तेतरी. काळीसावळी, काटक, बोलायला कमी. ही गोष्ट तिचीच आहे.

पुढे सगळ्यांसाठी एकच पेटी आणि एकाच कागदावर सगळी चिन्हं, असा नियम आला. माझ्या बिजागरीला कुरकुर होती. चांगल्या पेट्या बाकीचे अधिकारी आधीच उचलून न्यायचे, आणि उरलेली मी दर वेळी सगळ्यात लांबच्या गावात, म्हणजे बेलहरडीहलाच जायची. तिथल्या शाळेतले हरिनंदन मास्तर केंद्राचे प्रमुख असायचे. सज्जन माणूस, पण माझ्याहून भित्रा.

त्या मतदारसंघाचा इतिहास सांगायला वेळ लागत नाही. पहिल्या निवडणुकीत कुणी वेगळा निवडून आला होता. त्यानंतर दिग्पालबाबू, पुन्हा दिग्पालबाबू आणि परत दिग्पालबाबू! जमीन त्यांची, वीटभट्टी त्यांची, विहीरसुद्धा त्यांची. आणि त्यांचा लठैत, म्हणजे पगारी लाठीवाला, बटेसर. हा बटेसर चार दांडगे घेऊन सकाळीच शाळेत यायचा, गावठी कट्टा टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "मास्तरसाहेब, तुम्ही चहा घ्या. लोकांना कशाला उन्हात त्रास? आम्हीच उरकतो."

मास्तर चहा घ्यायचे. इकडे ठप्प ठप्प शिक्के पडायचे आणि कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे माझ्या तोंडात कोंबले जायचे. काठीने ढोसून आत सारायचे हो! माझा जीव गुदमरायचा. ओरडावं तर आवाज नाही, ओकावं तर परवानगी नाही.

मग उन्हं वर आल्यावर तेतरी यायची. धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. दारात उभी राहून आपलं आणि नवऱ्याचं नाव सांगायची. मास्तर मान खाली घालून म्हणायचे, "जा तेतरी. तुझं मत पडलं."

पहिल्यांदा तिला वाटलं, असंच असेल. दुसऱ्यांदा ती बराच वेळ उभी राहिली. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "कुणी टाकलं?" तेव्हा बटेसर हसून म्हणाला, "तुझ्या झोपडीला छप्पर आहे ना अजून? मग जा की घरी." ती गेली. मी तिच्याकडे बघत होते, मित्रांनो. तिचं मत माझ्या पोटात नव्हतंच. तिच्या नावाने दुसऱ्याच कुणाचं तरी होतं, आणि ते मला दगडासारखं टोचत होतं.

एका वर्षी सरकार मधेच पडलं आणि निवडणूक ऐन कार्तिकात आली. दिग्पालबाबूंच्या विरोधात एक वकील उभे होते. त्यांची माणसंही त्या दिवशी लाठ्या घेऊन आली. शाळेच्या अंगणात जुंपली. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा हात मोडला, आणि त्या गोंधळात बटेसरने मला काखोटीला मारलं. मला वाटलं, घरी नेतोय. वकिलांची मतं बुडवायला मेल्याने मला विहिरीत फेकलं!

त्या काळोख्या पाण्याची आठवण आजही नको वाटते. फटीतून पाणी आत शिरत होतं, कागदांचा लगदा होत होता आणि मी खाली खाली जात होते. बरे-वाईट, खरे-खोटे, सगळे कागद एकच झाले. वर उजेडाचं एक वाटोळं दिसत होतं, तेही लहान होत गेलं. मी कारागिराला हाका मारल्या, देवाला हाका मारल्या. गळ टाकून मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या पोटात एक बेडूक होता.

फेरमतदानाचा हुकूम निघाला. दुसरी पेटी कुठली? मलाच पुसून, वाळवून परत पाठवलं. तारीख ठरवणारे साहेब लांबच्या मुलखातले. त्यांनी नेमकी छठच्या, म्हणजे आमच्या सूर्यपूजेच्या सणाच्या, दुसऱ्या अर्घ्याची सकाळ नेमली. त्या सकाळी आमच्याकडे घरात कुणी सापडेल तर शपथ! अख्खं गाव नदीवर असतं. बायका लेकराबाळांसाठी निर्जळी उपास करून कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहतात, उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात आणि मगच आल्याचा तुकडा व घोटभर पाणी घेऊन पारणं सोडतात.

तारीख ऐकून दिग्पालबाबू खूष झाले. "छठी मैयानेच ही तारीख काढली," शाळेच्या दारात, माझ्यासमोरच ते बटेसरला म्हणाले. "शाळेत चिटपाखरू नसेल. शिक्के मार आणि ये. आणि काही गडबड झालीच, तर विहीर आहेच."

विहीर! तो शब्द मी ऐकला, आणि त्या सकाळी टेबलावर बसले ती अर्धमेली होऊनच.

मतदान सुरू झालं. शाळेत मास्तर, एक शिपाई आणि मी. बटेसर आणि त्याचे गडी आले. आज छठ म्हणून सगळे आंघोळ करून, अनवाणी आले होते. बटेसरने तर पहाटेपासून तंबाखूलाही हात लावला नव्हता. तरी त्याने कट्टा टेबलावर ठेवला आणि शिक्का मागितला. मास्तरांनी चहाकडे हात नेला.

तेवढ्यात बाहेरून गाणं ऐकू आलं. छठचं गाणं. बटेसर दाराशी गेला आणि तिथेच थबकला. नदीवरून बायका सरळ शाळेकडे येत होत्या. ओली लुगडी, नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत केशरी शेंदूर, हातांत प्रसादाने भरलेल्या टोपल्या. पुढे मुसहर वस्तीतल्या आणि त्यांच्यात तेतरी. मागे वरच्या टोल्यातल्या, म्हणजे वरच्या आळीतल्या, आणि त्यांच्यात बटेसरची स्वतःची आई, रामसखी.

उपाशी व्रतस्थ बाईला धक्का लावायचा? आमच्याकडे चोर-दरोडेखोरसुद्धा तिच्या पाया पडतात. बटेसर घुटमळला. "माई, तू इकडे कशाला? घरी जा, पारणं सोड."

"सोडते की. माझंही मत आजवर तूच टाकत आलास, आज मी टाकते. आधी हे धर." रामसखीने आपली टोपली त्याच्या दोन्ही हातांत दिली. "आणि खाली ठेवायचं नाव काढू नकोस. प्रसाद भुईला टेकला तर माझं व्रत मोडेल. कुणासाठी केलंय ते ठाऊक आहे ना?"

"माई, मालिक काय म्हणतील..."

"त्यांना सांग, आईने हात अडकवले."

मग काय विचारता! बाकीच्या बायकांनीही आपापल्या टोपल्या एकेका गड्याच्या हातात दिल्या. गड्यांच्या हातांत तळलेले गोड ठेकुए, केळी, नारळ, आणि वर ऊस. कट्टा टेबलावरच राहिला, उचलायला कुणाचा हातच मोकळा नव्हता. शिपायाने तो हळूच उचलून कपाटात ठेवला. मला हसू येत होतं, पण भीती काही कमी होत नव्हती. टोपल्या जन्मभर थोड्याच हातात राहणार होत्या!

तेतरी पहिली आत आली. मास्तर सवयीने बोलून गेले, "तेतरी, तुझं मत..."

"पडलं नाही," ती म्हणाली. "मी तर आत्ता येतेय, मास्तरसाहेब."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. चहाचा कप बाजूला सारला. तिच्या बोटाला शाई लावली आणि कागद हातात दिला. ती पडद्याआड गेली. परत आली तेव्हा कागदाची घडी तिने दोन्ही हातांत धरली होती. तिच्या सासूने मला हात जोडले होते. तिने जोडले नाहीत. तिने नुसती घडी माझ्या तोंडात सोडली. ओल्या बोटांचा शेंदूर माझ्या फटीला लागला.

मग तिने फटीत डोकावून विचारलं, "हे आता कुणाला काढता येणार नाही ना?"

मास्तरांनी दाराकडे, बटेसरकडे पाहिलं. मला विहीर आठवली.

"बरं," तेतरी म्हणाली. ती अंगणात गेली आणि माझ्या समोर, दाराबाहेर बसली. एकेक बाई मत टाकून तिच्या शेजारी बसत गेली. शेवटी रामसखीही टेकली. उन्हं तापली, ओठ सुकले, पण पाण्याला कुणी शिवलं नाही. बटेसर काकुळतीला आला. "माई, मरशील गं! घोटभर पाणी तरी घे."

"पेटी गाडीत चढू दे. मग घेते."

त्याचे हात भरून आले होते. पण आईच्या पारण्याआधी टोपली खाली ठेवायची छाती त्याला झाली नाही. मतदान संपलं, मास्तरांनी माझ्यावर लाख ओतली. चटका बसला, पण त्या चटक्यात मला हायसं वाटलं. शिपायाने मला ट्रॅक्टरवर चढवलं. मागे वळून पाहिलं, तर तेतरी आणि रामसखी एकाच तांब्यातून ओंजळीत पाणी घेत होत्या.

दिग्पालबाबू तरीही निवडून आले. बाकीच्या गावांत त्यांचे दांडगे होतेच. पण आमच्या केंद्रावर ते हरले, आणि पुढच्या निवडणुकीला हात जोडून मुसहर वस्तीत आले. तेतरीने त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि कुणाला मत देणार ते सांगितलं नाही.

मित्रांनो, आता यंत्रं आली आहेत. मला भंगारात घालतील, त्याचंही भय वाटतं. पण सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे. मोठे झाल्यावर मतदानाच्या दिवशी तुम्ही घरात लोळत पडाल आणि म्हणाल, एका मताने काय होतं. तेव्हा तुमच्या जागी कुणीतरी सकाळी लवकर उठलेलं असेल. माझ्या फटीला लागलेला तो शेंदूर गंजातही अजून पुसलेला नाही. कोठीत अंधार झाला की मी त्याच्याकडे बघते आणि मला धीर येतो. तुम्ही वेळेवर जा. आणि दारात कुणी म्हणालं, "तुझं मत पडलं," तर भीती वाटली तरी तिथेच उभे राहा आणि म्हणा, "मी तर आत्ता येतोय."