पुढच्या सांध्यावरची लाल रेघ

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रखमाजीशेठचा कारखाना वीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवत होता. यंदा त्यांनी सैन्यासाठीच्या चिलखती गाडीच्या पहिल्या नमुन्याचं काम घेतलं. सांगाडा आमच्याकडे जोडायचा, गोळीबाराची चाचणी बाहेर. वेल्डिंग तातेरावमामांचं, तपासणी माझी. मी धातुशास्त्र शिकले आहे.

चिलखती पोलादाच्या सांध्याला तडा दोन दिवसांनीही जाऊ शकतो. म्हणून अठ्ठेचाळीस तास थांबले. मग सांध्यांना लाल द्रव लावला, पुसला, वर पांढरी पूड फवारली. सांगाड्याच्या पुढच्या बाजूच्या सांध्यावर पुडीतून लाल रेघ उमटली. म्हणजे तडा, बोटभर लांब.

सांगाडा चाचणीला न्यायला आलेला ट्रक दारात उभा होता.

"मामा, हे काय करून ठेवलं?" शेठ कडाडले. "उद्यापासून पुण्याचा माणूस आणतो. तुम्ही ट्रॉल्याच बघा."

"माझा सांधा आजवर उकलला न्हाई, शेठ," मामा हळूच म्हणाले. त्यांनी हातमोजे काढून ठेवले.

त्याच हातानं, त्याच दिवशी जोडलेले बाकीचे अकरा सांधे स्वच्छ होते. मग हाच का? मी भिंग घेऊन वाकले. तड्याच्या खाली, पूड न पडलेल्या जागी वाळलेला ओघळ होता आणि त्यात नारळाच्या शेंडीचा धागा.

"परवा मी आत अहवाल लिहीत असताना इथं नारळ कुणी फोडला?"

सगळ्यांनी शेठकडे पाहिलं.

"म्या फोडला. शेवटचा सांधा झाला की प्रत्येक ट्रॉलीवर फोडतो."

"सांधा सावकाश निवावा म्हणून कांबळं टाकलं होतं. ते काढून?"

"मंग काय कांबळ्यावर फोडू?"

"सांधा तेव्हा दीडशे अंशांवर होता, शेठ. त्यावर गार पाणी पडलं. ट्रॉलीचं लोखंड ते सोसतं, हे पोलाद सोसत नाही."

"म्हंजी नारळ देवाला," मामा म्हणाले, "अन् तडा माझ्या नावावर."

शेठनी ट्रक परत पाठवला. मामांनी सांधा घासून काढला, तापवला, पुन्हा भरला. कांबळ्याची टोकं शेठनी स्वतः खोचली.

अठ्ठेचाळीस तासांनी मी पूड फवारली. ती पांढरीच राहिली.

शेठ नारळ घेऊन गाडीकडे निघाले, थबकले, आणि फाटकाजवळच्या दगडावर तो फोडला. पहिला तुकडा त्यांनी मामांच्या हातावर ठेवला.

मामांनी तो तोंडात टाकला. "पुण्याच्या पाहुण्यालाबी ठेवा एक," ते म्हणाले आणि हातमोजे चढवले.