तीन टोकांचा वाडगा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी वाडगा आहे. वाडगा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गोल गरगरीत, गुळगुळीत काठाचे भांडे आले असेल, तर ते आधी पुसून टाका. माझा काठ तीन ठिकाणी वर चढतो, तीन ठिकाणी खाली उतरतो आणि त्याच्यावर अजूनही झाडाची खरखरीत साल आहे. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "हा अर्धवटच राहिला का हो?" मला पुरा करायला केवढा खटाटोप झाला, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

माझा जन्म तुतीच्या झाडावर झाला. झाडाची एक जाड फांदी जिथे फुटून तिच्या दोन झाल्या होत्या, ते बेचके म्हणजे मी. एका फांदीवरून रस्ता दिसे, दुसरीवरून एका घराची खिडकी. त्यामुळे मला लहानपणापासून चौकशीची खोड लागली. खाली कोण आले, कोण कोणावर रागावले, पिशवीत काय होते, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नसे. जगाच्या एवढ्या उठाठेवी केल्या, पण माझ्या स्वतःच्या पोटात काय आहे, हे मात्र मला कधी कळले नव्हते.

एका हिवाळ्यात वाऱ्याने ती फांदी तडकली आणि शेजारच्या छपरावर टेकली. ती कापावीच लागली. सरळ ओंडके एका सुताराने उचलले. माझ्याकडे पाहून मात्र त्याने नाक मुरडले. "बेचक्याचं लाकूड म्हणजे डोक्याला ताप. रेषा कुठून कुठे वळेल, नेम नाही. जाळायला घ्या." झाले, माझी रवानगी सरपणाच्या ढिगावर झाली.

तिथून मला उचलले कातारीकाकांनी. कातारी म्हणजे लेथ नावाच्या यंत्रावर लाकूड गरगर फिरवून, त्याला धारदार पटाशी लावून गोल वस्तू करणारा कारागीर. काकांनी माझ्या सालीवर बोट फिरवले आणि स्वतःशीच म्हणाले, "थंडीत कापलंय. साल सुटायची नाही." माझ्या सालीची एवढी विचारपूस आजवर कुणी केली नव्हती. मी लगेच त्यांच्या बाजूचा झालो.

काकांची कार्यशाळा घराच्या मागच्या खोलीत होती आणि पुढच्या खोलीत काकू काम करत. शिंप्याच्या दुकानातून शिवलेल्या शर्टांचे गठ्ठे येत आणि काकू त्यांना बटणे लावत. हे काम त्यांनी तीस वर्षे केले होते. पण दोन वर्षांपासून त्यांची नजर मंदावत चालली होती आणि त्या हिवाळ्यात ती पुरती गेली. आता ती परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तरी काकू खचल्या नाहीत. सुईत दोरा त्या जिभेच्या टोकाने ओवत. टाका कुठे घालायचा हे बोटांना पाठ होते.

अडचण निराळीच होती. पांढरी बटणे एका वाडग्यात आणि काळी दुसऱ्यात असत. वाडगे काकांनीच केलेले आणि काकांचा हात इतका सराईत, की सगळे वाडगे हुबेहूब एकसारखे. झाडलोट करताना कुणी ते इकडचे तिकडे केले, की काकूंना पत्ता लागत नसे. एकदा पाच पांढऱ्या शर्टांना काळी बटणे लागली. शिंपी तो गठ्ठा परत घेऊन आला.

"काकू, तुमच्या हाताला तोड नाही," तो अवघडून म्हणाला. "पण आता आराम करा."

तो गेल्यावर काकूंनी दोन्ही वाडगे पुन्हा चाचपून पाहिले. मग त्यांनी हाक मारली. "अहो, मला असा एक वाडगा करून द्या, की हात लागताच कळेल, हा तोच. त्यात पांढरी ठेवीन. मग शिंपीदादांना सांगते, एक महिना बघा. एक जरी बटण चुकलं, तर मीच सुई खाली ठेवीन."

"एवढंच ना?" काका म्हणाले. "आजच बेचकं आणलंय. काठाला साल ठेवून करतो. तसा वाडगा कुणाकडे नसेल!"

मित्रांनो, मला कान नाहीत, पण जे काही होते ते मी टवकारले. मी वाडगा होणार होतो तर!

काकांनी मला करवतीने उभे चिरले आणि माझे दोन भाग केले. एक मी आणि एक माझा जुळा भाऊ. त्या दिवशी माझ्या पोटातले गुपित मला कळले. दोन फांद्यांच्या रेषा जिथे एकमेकींत घुसल्या होत्या, तिथे पिवळ्याधमक लाकडात एक लांबलचक पीस उमटले होते. तेही अगदी बारीक तंतूंसकट! काका हरखून ओरडले, "अगं, लवकर ये, हे बघ तर..." आणि एकदम गप्प झाले.

काकू दारापर्यंत आल्याच होत्या. "काय आहे? सांगा ना."

"काही नाही," काका पुटपुटले. "रेषा बऱ्या आहेत."

आधी भावाची पाळी लागली. माझ्या टोकांना मेण फासून, ओल्या गोणपाटात गुंडाळून मला कोपऱ्यात ठेवले. गोणपाटाला एक भोक होते, ही माझी चैन. लेथ सुरू झाला तसा सगळा बाक थडथडू लागला, कारण बेचके एका अंगाला जड असते. भाऊ फिरू लागला आणि त्याचा उंचसखल काठ दिसेनासाच झाला! काठाच्या जागी नुसती धूसर सावली. हा गेला कुठे, असे वाटून माझा जीव टांगणीला लागला. लेथ थांबला आणि काठ पुन्हा जागच्या जागी. ही जादू मी दिवसभर पाहिली, तरी माझे समाधान होईना.

मग काकांनी भावाच्या मागे एक छोटा दिवा लावला. ओले लाकूड पातळ झाले, की त्यातून उजेड आरपार येतो. काका तासत गेले तसा भाऊ नारिंगी उजळत गेला. मधले पीस तर पेटल्यासारखे दिसू लागले. काका त्या उजेडात हरवले. आणखी थोडे, आणखी थोडे, असे करत त्यांनी भावाला कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ केला. शेजारीपाजारी येऊन तोंडात बोटे घालून गेले. तो नाक मुरडणारा सुतारही आला आणि "हे सरपणातलं?" असे तीनदा विचारून गेला.

शेवटी तो वाडगा काकूंच्या हातात आला.

"केवढा हलका!" त्या म्हणाल्या. "बटणं टाकली की आडवा होईल की हो." आणि काठ ओळखायचा म्हणून त्यांनी त्यावरून अंगठा दाबून फिरवला. कट्ट असा आवाज झाला. सालीसकट काठाचा एक तुकडा निघून त्यांच्या हातात आला.

काकांनी वाडगा हिसकावून घेतला. "आण इकडे! तुला नाही जमायचं ते."

काकूंनी तो तुकडा हळूच बाकावर ठेवला. "मी बटणांसाठी वाडगा मागितला होता," त्या म्हणाल्या. "हा तुम्ही बघायला केलात." आणि भिंतीला हात लावत त्या आत गेल्या.

त्यानंतर आठ दिवस लेथ बंद होता. मी गोणपाटाच्या भोकातून पाहत राही, पण पाहण्यासारखे काही घडत नव्हते. काका यायचे, पटाशीला धार लावायचे, धार असलेल्या पटाशीला पुन्हा धार लावायचे आणि निघून जायचे. आतून कात्रीचा आवाजही येत नव्हता. एवढी शांतता मला झाडावर कधी भेटली नव्हती. ती मला मुळीच आवडली नाही.

नवव्या दिवशी काका दाराशी जाऊन उभे राहिले. "अगं, जरा कामाला ये."

"कसल्या कामाला?"

"वाडगा तुझा आहे. कसा हवा, ते तू सांग. मी चुकलो गं. तुझ्यासाठी करायला बसलो आणि लोकांसाठी करून उठलो."

काकू आल्या आणि लेथजवळच्या स्टुलावर बसल्या. तीस वर्षांच्या संसारात त्या पहिल्यांदाच तिथे बसत होत्या. आणि काय सांगू मित्रांनो, त्या माझ्यापेक्षाही चौकस निघाल्या! हा पट्टा गरम का होतो? ही पटाशी वाकडी का? बेचक्यातच लाकूड जड का लागतं? काका उत्तरे देता देता घामाघूम झाले. मग त्यांनी काकूंचे बोट धरले आणि माझ्या पोटावरच्या पिसावरून हळूहळू फिरवले. "हे इथून निघतं, असं वर जातं, आणि दोन्ही बाजूंना बारीक बारीक फाटे फुटतात."

"माशाच्या काट्यासारखं?"

"हो. पण मासा फार देखणा."

काकू हसल्या. मग म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुला दिसणार नाही म्हणून."

"सांगितलं असतंत, तर कळलं असतं."

मग मी लेथवर चढलो. चक्कर आली, पण मजाही वाटली. काका थोडे तासत, लेथ पूर्ण थांबवत आणि काकू हात फिरवून हुकूम सोडत. "तळ जड ठेवा. काठ माझ्या करंगळीइतका जाड राहू दे. ही तीन टोकं मात्र अजिबात घासू नका, त्यांच्यावरूनच मी याला ओळखणार." दिव्याची आठवण कुणालाच झाली नाही. सालीला पातळ गोंद पाजून तिला घट्ट केले गेले. आतून शेवटचा एक हात फिरवायचा, की काम संपले, असे काका म्हणाले आणि त्यांनी पटाशी उचलली.

"थांबा," काकू म्हणाल्या. "इथे नख अडकतंय."

काकांनी चष्मा चढवला, वाकून पाहिले. "काही नाही तिथे."

"आहे. काठाच्या या खळग्याच्या दीड बोट खाली."

काकांनी तिथे शाईचा एक थेंब सोडला आणि पुसला. केसाएवढी एक निळी रेघ मागे राहिली. बेचक्यात कधीकाळी साल आत दाबली गेली होती, तिथे मला भेग होती. मला स्वतःलाही ती माहीत नव्हती. काकांनी पटाशी बाजूला ठेवली.

"आता पटाशी लावली असती, तर हा फुटून माझ्या तोंडावर आला असता," ते म्हणाले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

भेगेत गोंद आणि लाकडाचा भुसा भरला. तो शेवटचा हात फिरलाच नाही, म्हणून मी आतून आजही थोडा ओबडधोबड आहे. पुढे दोन महिने मी माझ्याच लाकडाच्या ढलप्यांच्या ढिगात, कागदी पिशवीत हळूहळू सुकलो आणि अंगाला तेल लावून काकूंच्या बैठकीशेजारी जाऊन बसलो. शिंप्याने एक महिना पारखायचे कबूल केले. त्या महिन्यात काकूंना सोडून मलाच झोप लागत नसे. पण काकूंचा हात आला, की तीन टोके चाचपी आणि बिनचूक पांढरे बटण उचली. महिना संपला तेव्हा शिंपी एक सोडून दोन गठ्ठे घेऊन आला. एकही चूक झाली नव्हती.

आणखी एक गोष्ट बदलली. काकूंची बोटे फिरल्याशिवाय एकही वाडगा कार्यशाळेबाहेर जाईना. दुसरे कातारीसुद्धा आपली भांडी घेऊन येत आणि विचारत, "काकू, जरा नख लावून बघता का?" अशी अनेक वर्षे गेली. माझा पिवळा रंग मधासारखा गडद झाला. एके वर्षी काका आजारी पडले आणि गेले. ते मला फार आवडत. अजूनही आवडतात.

कार्यशाळा बंद झाली. सासरी असलेली त्यांची लेक काकूंना आपल्या घरी घेऊन गेली. ती मायेची होती. तिने आईसाठी खिडकीशी मऊ खुर्ची ठेवली आणि "आई, तू नुसती बस," असे सांगितले. मला तिने काचेच्या कपाटात ठेवले आणि वर दिवा लावला. पाहुणे येत, वाहवा करत. "बाबांच्या हातचा एकच राहिलाय, कुणी हात लावू नका," असे ती सांगे. दिव्याच्या उबेने माझे अंग कोरडे पडत गेले, सालीचे कण गळू लागले. काचेतून सगळे दिसत होते, पण खुर्ची माझ्या नजरेच्या टप्प्यात नव्हती. काकू काय करत असतील? याच एका चौकशीने मी झुरत होतो.

एका दुपारी भिंत चाचपत काकूच आल्या. त्यांचा तळवा काचेवर टेकला.

"अगं, माझा वाडगा कुठे आहे?"

"आई, तुझ्यासमोरच आहे, कपाटात. अगदी सुरक्षित. सगळ्यांना दिसतो."

"मग माझ्या लेखी तो हरवलाच."

"पण फुटला म्हणजे?"

"फुटला तर चिकटवू. काम केल्यावर वस्तू फुटतातच." काकूंनी काचेवर बोट आपटले. "आणि मलाही काढ गं त्या खुर्चीतून. तू मला जपतेस, कळतं मला. पण तुझ्या घरात मीसुद्धा कपाटातच आहे."

लेकीचे डोळे भरून आलेले मी काचेतून पाहिले. मग किल्ली फिरली. काकूंनी मला दोन्ही हातांत घेतले आणि लगेच कुरकुर केली, "केवढा सुकवलात याला! तेल आण आधी." लेक तेल घेऊन आली आणि येताना, कुणी न सांगता, बटणे तुटलेले चार कपडेही घेऊन आली.

मित्रांनो, मला पाण्यात भिजवू नका, उन्हात ठेवू नका, अधूनमधून तेलाचे बोट लावा. एवढी निगा मला पुरे. पण मला वापरा. आणि तुमच्याही घरी कुणाला प्रेमाने खुर्चीत बसवून ठेवले असेल, तर आजच त्यांच्यापाशी जा आणि म्हणा, "हे जरा करून देता का?" त्यांचा चेहरा कसा होतो, ते मला येऊन सांगा. मला फार उत्सुकता आहे.